दयाळ आणि त्याचा सागरापलीकडील भाऊबंद

गाणारा पक्षी म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें प्रथम कोकिळ उभा राहतो, आणि कावळ्याचें नांव त्या यादींत घालावें असें कोणाच्या स्वप्नांतही येत नाहीं. पक्षिशास्त्राचा निवाडा मात्र नेमका उलट आहे. शास्त्रज्ञ ज्याला गायक पक्ष्यांचा गण म्हणतात, त्यांत कावळ्याला हक्काचें स्थान आहे आणि कोकिळाला प्रवेश नाहीं! ह्याचें कारण असें कीं, हा गण आवाजाच्या गोडीवरून ठरविलेला नसून शरीरांतील स्वरयंत्राच्या रचनेवरून ठरविलेला आहे. ह्या गणांतील पक्ष्यांच्या स्वरयंत्राला जोडलेले स्नायू अनेक व नाजूक असतात. त्यामुळें एकाच कंठांतून नाना प्रकारचे स्वर निघूं शकतात. शिवाय ह्यांचें गाणें बहुतांशीं शिकून येतें. आपलें मूल जसें घरांतील बोली ऐकून बोलूं लागतें, तसें ह्यांचें पिलूं वडीलधाऱ्यांचें ऐकून गाऊं लागतें. कोकिळाची हांक उपजत असते. तिला गुरु लागत नाहीं. म्हणूनच कावळ्याच्या घरट्यांत वाढूनही कोकिळाचें पोर कावकाव करावयास शिकत नाहीं. जगांतील सुमारें अकरा हजार पक्षिजातींपैकीं जवळजवळ निम्म्या जाती ह्या गायकांच्या गणांत मोडतात.

ह्या विशाल गोतावळ्यांतील दोन भाऊबंदांची हकीकत आज आपल्यापुढें मांडावयाची आहे. त्यांपैकीं एक आपल्या अंगणांतील कुंपणावर बसून गातो. दुसरा मुंबईहून तीन हजार किलोमीटरांहूनही दूर, हिंदी महासागरांतील चिमुकल्या बेटांवर राहतो. दोघांचें कूळ एक, पोशाख बराचसा एक, गळाही गोड. परंतु पहिला आज 'विशेष चिंता नाहीं' अशा वर्गांत गणला जातो, तर दुसरा एके काळीं साऱ्या पृथ्वीच्या पाठीवर अवघा बारा-पंधरा उरला होता. भावाभावांच्या नशिबांत एवढें अंतर कां पडावें? आणि ज्याची चिंता नाहीं असें शास्त्रज्ञ सांगतात, त्याच्याविषयीं आपण खरोखरच निश्चिंत राहावें काय? हे दोन प्रश्न आज आपणांस पाहावयाचे आहेत.

पहिला भाऊ म्हणजे आपला दयाळ. आकारानें बुलबुलाएवढा, नराची पाठ, डोकें व छाती तुळतुळीत काळी, पोट पांढरें, पंखावर पांढरा पट्टा आणि शेपटीच्या कडा पांढऱ्या. मादीच्या अंगावर काळ्याच्या जागीं राखी छटा असते. शेपटी वारंवार उभी करण्याची त्याला खोड आहे. हिवाळ्यांत तो जवळजवळ मुका असतो. झुडपांच्या सांवलींत किडे टिपीत हिंडतो, आणि तो आहे हेंही आपल्या ध्यानांत येत नाहीं. पण उन्हाळ्याची चाहूल लागली कीं तो झाडाच्या शेंड्यावर किंवा विजेच्या खांबाच्या टोंकावर चढून पहांटेच्या अंधुक उजेडांत गाऊं लागतो. त्याचें गाणें एकसुरी नसतें. स्वरांची चढउतार असते, मध्येंच विराम असतो, आणि दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजांची नक्कलही तो त्यांत बेमालूम मिसळतो. हें गाणें आपणांस करमणूक वाटली तरी त्याला ती एक गंभीर बाब आहे. 'हा आवार माझा आहे' अशी ती इतर नरांना ताकीद असते, आणि मादीला निमंत्रण असतें.

त्याच्या शास्त्रीय नांवाचीही एक मौजेची कथा आहे. १७५८ सालीं लिनियस ह्या स्वीडिश पंडितानें त्याला 'सॉलॅरिस' हें नांव दिलें. हें नांव आलें कोठून? जर्डन ह्या पक्षिशास्त्रज्ञाचें म्हणणें असें कीं, आपल्या 'दयाळ' शब्दाचें इंग्रजांनीं 'डायल' केलें; डायल म्हणजे सूर्यघटिकेची तबकडी असें समजून लिनियसनें सूर्यवाचक नांव योजिलें, आणि तें लिहितांना एक अक्षर चुकलें. ब्लाइथ ह्या दुसऱ्या पंडिताला हें मान्य नव्हतें. मद्रासेहून हा पक्षी विलायतेस पाठविण्यांत आला तेव्हां त्याबरोबर 'सौलरी' असें देशी नांव गेलें होतें, त्याचा अर्थ 'शंभर गाणीं' असा आहे, आणि लॅटिन नांव त्यावरूनच घडलें, असें ब्लाइथ सांगतो. दोहोंपैकीं कोणतेंही मत घ्या. शंभर गाण्यांचा धनी हें वर्णन दयाळाला शोभून दिसतें, ह्यांत शंका नाहीं.

आतां दुसऱ्या भावाकडे वळूं. आफ्रिकेच्या पूर्वेस, विषुववृत्ताच्या किंचित् दक्षिणेस सेशेल्स नांवाचा शंभरावर बेटांचा समूह आहे. तेथील दयाळ आपल्या दयाळाहून थोडा मोठा, लांब पायांचा आणि ताठ उभा राहणारा आहे. त्याचें सर्वांग निळसर काळें असून पंखावर तेवढा ठळक पांढरा डाग असतो. आपल्याकडे नर व मादी रंगावरून चटकन् ओळखूं येतात. तेथें मात्र दोघांचा वेष सारखाच. स्थानिक क्रिओल भाषेंतील त्याच्या नांवांतच 'गाणारा' हा शब्द आहे. १८६५ सालीं एडवर्ड न्यूटन ह्यानें त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें.

रूपांतील हे भेद लहान आहेत. खरा भेद राहणींत आहे. आपला दयाळ खंडावर वाढला. येथें मांजर, मुंगूस, साप, घूस, शिकरा असे शत्रु पावलोपावलीं. त्यामुळें तो सावध झाला. त्याची मादी झाडाच्या ढोलींत किंवा भिंतीच्या भोंकांत घरटें करून चार-पांच अंडीं घालते, आणि एका हंगामांत दुसरें वेतही काढूं शकते. एक घरटें लुटलें गेलें तरी दुसऱ्यानें भरपाई होते. सेशेल्सच्या दयाळाचें घर सागरानें वेढलेलें होतें. माणूस येण्यापूर्वीं त्या बेटांवर जमिनीवर हिंडणारा एकही सस्तन प्राणी नव्हता. वटवाघळें तेवढीं होतीं. उंदीर नाहीं, मांजर नाहीं. मग भीति तरी कोणाची बाळगावयाची? हा पक्षी निर्धास्तपणें जमिनीवर उतरून पाचोळ्यांतील अळ्या, भुंगेरे व गोम टिपतो. तेथील प्रचंड कांसव चालूं लागलें कीं त्याच्या पायांखालीं पाचोळा उलथतो. त्याच्या मागोमाग हा चालतो. माणूस कुदळीनें माती उकरूं लागला तर त्याच्याही मागें येऊन उभा राहतो. आणि त्याची मादी एका वेळीं एकच अंडें घालते. जेथें शत्रु नाहींत व जागा थोडी आहे, तेथें एक अंडेंही पुरेसें होतें.

निसर्गाचा हा हिशेब हजारों वर्षें बरोबर जुळत होता. १७७० सालीं फ्रेंच लोकांनीं तेथें वसाहत केली आणि तो बिघडला. जहाजांतून उंदीर उतरले. उंदरांसाठीं मांजरें आलीं. अरण्यें तोडून नारळाच्या बागा लागल्या, आणि पाचोळ्याची ती मऊ, कीटकांनीं भरलेली भूमि नाहींशी झाली. जो पक्षी माणसाला भीत नाहीं तो मांजरालाही भीत नाहीं, आणि ज्याला एकच अंडें आहे त्याला तें उंदरानें नेलें तर दुसरें उरत नाहीं. एकेका बेटावरून हा पक्षी दिसेनासा झाला. १९६५ च्या सुमारास फ्रेगेट नांवाच्या एकाच बेटावर बारा-पंधरा पक्षी शिल्लक होते. हें बेट केवढें? सुमारें दोन चौरस किलोमीटर. तेवढ्या जागेंत एका जातीचें सारें भवितव्य सांठविलेलें होतें. एखादें वादळ, एखादा रोग, किंवा किनाऱ्याला लागलेल्या होडींतून उतरलेली उंदरांची एक जोडी, एवढ्यानें ग्रंथ आटोपला असता.

परंतु तो आटोपला नाहीं. फ्रेगेटवरील मोकाट मांजरांचा १९८० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत नायनाट करण्यांत आला. तरीसुद्धां १९९० सालीं पक्ष्यांची संख्या वीस-बाविसांच्या घरांतच होती. त्या वर्षीं पक्षिसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें, जिला पुढें बर्डलाइफ हें नांव मिळालें तिनें, पद्धतशीर काम हातीं घेतलें. त्या कामांत चमत्कार कांहीं नव्हता. पक्ष्यांना पुरवणी म्हणून अन्न घालावयाचें. लांकडी पेट्या टांगून घरट्यांची सोय करावयाची. परकीं झाडें काढून देशी झाडें लावावयाचीं. आणि एकेका पक्ष्याच्या पायांत रंगीत कडीं घालून त्याची जन्मपत्रिका ठेवावयाची. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सारी ठेव एकाच पेढींत ठेवावयाची नाहीं! १९९४ पासून कांहीं पक्षी कूझँ बेटावर व त्यानंतर लौकरच शेजारच्या कूझीन बेटावर नेण्यांत आले. आरीद बेटावरील पहिले प्रयत्न फसले. २००२ सालीं तेथें यश आलें. २००८ सालीं डेनिस बेटावरही त्यांची वस्ती करण्यांत आली. १९९८ पासून हें काम नेचर सेशेल्स ह्या तेथील देशी संस्थेनें आपल्याकडे घेतलें.

ही सावधगिरी किती योग्य होती हें मध्यंतरीं दिसून आलें. १९९५ सालीं, ज्याचें भय होतें तेंच घडलें. फ्रेगेटवर उंदीर पोंचले. अखेर २००० सालीं संपूर्ण बेटावर विष टाकून त्यांचा उच्छेद करण्यांत आला, आणि तेवढ्या काळापुरते दयाळ पकडून मोठ्या पिंजऱ्यांत सुरक्षित ठेवण्यांत आले. पिंजरा हा एरवीं पक्ष्याचा वैरी. येथें तो तारणहार ठरला. २००५ सालीं गणना झाली तेव्हां ह्या जातीचे १७८ पक्षी होते. बारा-पंधरांवरून १७८! हा आंकडा लहान खरा. पण त्यामागें चाळीस वर्षांची चिकाटी आहे.

ह्या ठिकाणीं पक्ष्यांचे वर्ग कसे ठरतात तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. निसर्गसंरक्षणाचा आंतरराष्ट्रीय संघ जगांतील प्राण्यांची व वनस्पतींची एक लाल यादी ठेवतो. तींत एकेका जातीला तिच्या धोक्याच्या मानानें वर्ग दिलेला असतो. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, हा वर्ग केवळ डोकीं मोजून ठरतो. तसें नाहीं. संख्या हें एक माप आहे. प्रौढ पक्षी पन्नासांहून कमी असले तर ती जात अतिसंकटग्रस्त, आणि अडीचशांहून कमी असले तर संकटग्रस्त. पण ह्याशिवाय वसतिस्थानाचा विस्तार किती, तें किती तुकड्यांत विभागलें आहे, आणि संख्या किती वेगानें घटत आहे, हेंही पाहतात. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, ह्यांपैकीं जो काळ मोठा असेल त्यांत, तीस टक्के घट झाली तर लाखोंनीं असलेली जातही धोक्याच्या वर्गांत जाऊं शकते. ह्या नियमांना धरून २००५ सालीं सेशेल्सचा दयाळ अतिसंकटग्रस्त वर्गांतून एक पायरी चढून संकटग्रस्त वर्गांत आला. म्हणजे तो सुखरूप झाला असें नव्हे. फ्रेगेट, कूझँ, कूझीन, आरीद व डेनिस ह्या पांचही बेटांचें क्षेत्रफळ एकत्र केलें तरी तें पांच चौरस किलोमीटर भरत नाहीं. मुंबईच्या उत्तरेस असलेलें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान ह्याच्या वीसपट मोठें आहे!

आपल्या दयाळाचा प्रदेश मात्र भारतापासून ब्रह्मदेश, सयाम, मलाया आणि दक्षिण चीनपर्यंत पसरलेला आहे. बांगलादेशानें तर त्याला आपला राष्ट्रीय पक्षी मानलें असून 'दोएल' ह्या नांवानें तो तेथें घरोघरीं माहीत आहे. लाल यादींत त्याच्यापुढें 'अल्प चिंता' असा शेरा आहे, आणि एकंदर जातीचा विचार करतां तो बरोबर आहे. परंतु श्रोतेहो, हा शेरा साऱ्या जातीविषयीं असतो. तुमच्या शहराविषयीं, तुमच्या पेठेविषयीं, तुमच्या आवाराविषयीं तो कांहींच सांगत नाहीं. हा भेद ध्यानांत ठेवला नाहीं तर काय होतें, हें सिंगापुराच्या उदाहरणावरून कळेल.

१९२० च्या सुमारास सिंगापुरांत दयाळ हा नित्याचा पक्षी होता. बागांतून, घरांच्या आवारांतून तो सर्रास गात असे. १९७० नंतरच्या दशकांत तो तेथून जवळजवळ नाहींसा झाला. त्याच्या गळ्याचा गोडवाच त्याला भोंवला. पिंजऱ्यांत ठेवण्यासाठीं त्याला जाळ्यांत पकडूं लागले. राहण्याच्या जागा बदलल्या. आणि बाहेरून आणलेल्या साळुंक्यांनीं घरट्यांच्या ढोली बळकावल्या. पुढें कायद्यानें संरक्षण मिळालें आणि त्याला परत आणण्याचे प्रयत्न झाले. पण जें एके काळीं फुकट मिळत होतें त्यासाठीं आतां श्रम करावे लागले.

साळुंकीचें नांव येथें आलें ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. आपल्याकडे साळुंकी व दयाळ एकाच आवारांत पिढ्यान् पिढ्या नांदत आले आहेत. पण हीच साळुंकी माणसानें सेशेल्सलाही नेली, आणि तेथेंही ती दयाळाच्या घरट्यांवर आक्रमण करूं लागली. अखेर फ्रेगेट व डेनिस ह्या बेटांवरून तिला समूळ काढून टाकावें लागलें. दोष साळुंकीचा नाहीं; जिची जेथें जागा नव्हती तेथें तिला नेऊन सोडणाऱ्या माणसाचा आहे.

सिंगापुराहून अधिक खेदजनक स्थिति जावा बेटाची आहे. तेथें पक्षी पाळण्याची हौस फार जुनी, आणि अलीकडे तिला गायनाच्या चढाओढींची जोड मिळाली आहे. पिंजरे ओळीनें टांगतात, परीक्षक गुण देतात, आणि जिंकणाऱ्या पक्ष्याची किंमत वाढत जाते. दयाळ हा ह्या चढाओढींतील एक आवडता स्पर्धक. ह्या हौसेपायीं जावाच्या रानांत मोकळा दयाळ आढळणें दुर्मिळ झालें. मग शेजारच्या देशांतून चोरट्या मार्गानें पक्षी येऊं लागले. मलेशियांत अलीकडच्या वर्षांत असे हजारों दयाळ जप्त करण्यांत आले आहेत. आशियांतील गायक पक्ष्यांच्या ह्या व्यापाराकडे लक्ष देण्यासाठीं आंतरराष्ट्रीय संघाला २०१७ सालीं तज्ज्ञांचें एक स्वतंत्र मंडळ नेमावें लागलें. ध्यानांत घ्या, ज्या पक्ष्यापुढें 'अल्प चिंता' असें लिहिलें आहे, त्याचीच ही कथा आहे.

आपल्या देशांत सुदैवानें अशी चढाओढ रूढ नाहीं. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानें आणि १९९०-९१ च्या सुमारास घातलेल्या बंदीनें रानांतील देशी पक्षी पकडणें, विकणें व पिंजऱ्यांत ठेवणें हा गुन्हा झाला आहे. तरीही शहरांच्या बाजारांतून मुनिया, पोपट, दयाळ चोरून विकले जातात, कारण घेणारे आहेत. कांहीं सज्जन भूतदयेपोटीं असे पक्षी विकत घेऊन सोडून देतात. हेतु पवित्र खरा. परंतु विकणाऱ्याला पैसे मिळाले कीं तो उद्यां पुन्हां जाळें घेऊन रानांत जातो. दयेचा तो सौदा दुसऱ्या दहा पक्ष्यांच्या जिवावर उठतो. विकत न घेणें आणि वनखात्याला कळविणें, हीच येथें खरी दया.

याहूनही निकटचा प्रश्न घराच्या आवाराचा आहे. दयाळाला जगण्यासाठीं तीन गोष्टी लागतात: घरट्यापुरतें एक भोंक, किडे मिळतील अशी थोडी पाचोळ्याची जमीन, आणि गाण्यासाठीं एक उंच जागा. उंच जागा आपण पुष्कळ करून ठेवल्या आहेत; त्यांची वाण नाहीं. परंतु जुन्या वाड्यांच्या भिंतींत भोंकें असत, तीं सिमेंटाच्या भिंतींत उरलीं नाहींत. वाळलेलें झाड दिसलें कीं आपण तें अशुभ म्हणून किंवा कुरूप म्हणून तोडतों, आणि त्याबरोबर ढोलीही जातात. अंगणांत फरशी घातली, पाचोळा रोज झाडून जाळला आणि उरल्यासुरल्या किड्यांवर औषध फवारलें, म्हणजे दयाळाचें ताट पुरतें रिकामें होतें. पकडणारा पारधी येथें कोणी नसतो. तरी पक्षी निघून जातो, आणि कां गेला हें कोणाला कळतही नाहीं.

सेशेल्सला जे उपाय योजावे लागले ते पाहा: लांकडी पेट्या, पाचोळ्याची जमीन, देशी झाडें, मोकाट मांजरांचा बंदोबस्त. ह्यांतील एकही असा नाहीं कीं जो पुण्याच्या किंवा मुंबईच्या गृहस्थाला आपल्या आवारांत करतां येणार नाहीं. दयाळ आनंदानें पेटींत घरटें करतो. बागेच्या एका कोंपऱ्यांतील पाचोळा तसाच राहूं दिला तर खतही होतें आणि पक्ष्याचें पोटही भरतें. पाळलेलें मांजर चैत्र-वैशाखांत पहांटेच्या वेळीं घरांत ठेवलें तर भूमीवर उतरलेलीं पिलें वांचतात. तेथें हें सारें करावयास परदेशाहून तज्ज्ञ यावे लागले, बोटीनें सामान न्यावें लागलें, आणि एकेका पक्ष्यासाठीं वर्षानुवर्षें जागावें लागलें. कारण तेथें वेळ जवळजवळ टळून गेली होती. येथें ती टळलेली नाहीं.

दोन भाऊबंदांची ही तुलना आपणांस दोन गोष्टी सांगते. बारा-पंधरा उरले म्हणून आशा सोडूं नये, हें सेशेल्सचा दयाळ सांगतो. आणि लाखोंनीं आहेत म्हणून डोळे मिटूं नयेत, हें आपला दयाळ सिंगापूर-जावाच्या अनुभवावरून सांगतो. उद्यां पहांटे जाग येईल तेव्हां क्षणभर कान द्या. शेजारच्या झाडाच्या शेंड्यावरून ती चढती-उतरती शीळ ऐकूं आली, तर आपल्या आवारांत एक भोंक, थोडा पाचोळा आणि थोडी शांतता अजून शिल्लक आहे असें समजावें. ऐकूं आली नाहीं, तर ह्या तिहींपैकीं काय उणें झालें आहे, ह्याचा शोध घ्यावा आणि तें परत आणावें.